जिजीचे पुस्तक : संकलनाच्या कामाच्या नोंदी

१६ मार्च २०२५, सातारा

येत्या जानेवारीत जिजीचे वर्षश्राद्ध आहे. तोपर्यंत तिच्या आयुष्यावर एक पुस्तक कुटुंबापुरते छापून तयार ठेवायचे, असे आज थोरले काका, बाबा आणि दोन्ही आत्यांच्या संमतीने ठरले आणि संकलनाचे काम माझ्याकडे आले. जिजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. पाटण तालुक्यातील कोयनाकाठच्या एका वाडीत ती जवळजवळ पंचाहत्तर वर्षे नांदली आणि त्यातली पहिली तेहतीस वर्षे माझे आजोबा, म्हणजे आबा, मुंबईच्या कापडगिरणीत होते. तिच्याविषयी घरात जे बोलले जाते ते सगळे आदराचे आहे, पण ते फार थोड्या वाक्यांत संपते : तिने फार कष्ट काढले, नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती गेली नाही, मुलांना तिने काही कमी पडू दिले नाही. श्रद्धांजलीच्या पत्रकावरही आम्ही हेच छापले. कष्ट म्हणजे नेमके कोणते काम, ते कोणाच्या मदतीने आणि किती पैशांत निभावले, घरातले निर्णय कोणी घेतले, हे तिच्या पणतवंडांना वाचून कळावे, एवढ्यासाठी हे पुस्तक करायचे आहे.

हाती असलेले साहित्य पुरेसे वाटते. जिजीच्या फडताळात डालडाच्या एका डब्यात मनीऑर्डरची कुपने निघाली. आबांनी मुंबईहून आणलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत त्याच मनीऑर्डरींच्या पोचपावत्या आहेत. शिवाय जिजीच्या हिशेबाच्या वह्या, विकास सोसायटीची पासबुके, सातबारा, थोरल्या काकांनी जपलेली एक कॅसेट आणि मोजकी छायाचित्रे आहेत. छायाचित्रांचा उपयोग सर्वांत कमी होईल, कारण जवळजवळ प्रत्येकात ती कोणाच्या तरी लग्नात डोक्यावरचा पदर सावरत मागच्या रांगेत उभी आहे.

२३ मार्च

मनीऑर्डर कधी पाहिली नाही अशा वाचकांसाठी तिची रीत पुस्तकात सांगावी लागेल. आबा मुंबईत पोस्टात पैसे भरत. फॉर्मला जोडून निरोपापुरती जागा असलेले कुपन असे, आणि वाडीवर पोस्टमन पैसे मोजून देताना ते फाडून घरच्यांच्या हाती ठेवी. पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेतलेली पोच मात्र टपालाने पुन्हा मुंबईला जाई. त्यामुळे प्रत्येक व्यवहाराचा एक तुकडा जिजीकडे राहिला आणि दुसरा आबांकडे. दोघांनीही आपापले तुकडे जपले, हे मात्र एकमेकांना ठाऊक होते असे दिसत नाही. निदान मुलांपैकी कोणी तशी गोष्ट ऐकलेली नाही.

तारखेच्या शिक्क्यांवरून दोन्ही ढीग आज जुळवले. १९५७च्या पावसाळ्यापर्यंतच्या पोचांवर पणजोबांचा अंगठा आहे, कारण पैसे घरातील कर्त्या पुरुषाच्या नावाने येत. त्या वर्षी पणजोबा वारले आणि आबा एकुलते एक असल्याने मनीऑर्डर जिजीच्या नावाने येऊ लागली. तेव्हा ती जेमतेम बाविशीची होती. भाद्रपदापासूनच्या प्रत्येक पोचेवर जांभळ्या शाईत तिचा अंगठा उमटलेला आहे. तीन वर्षांहून अधिक काळ असे अंगठे चालतात आणि १९६१च्या एप्रिलमधल्या पोचेवर एकाएकी सही येते. अक्षरे मोठी आणि सुटी आहेत, शेवटचे अक्षर ठरवून दिलेल्या जागेबाहेर गेले आहे. त्यानंतर एकदाही अंगठा नाही. पुस्तकाचे पहिले प्रकरण या पोचांवरच असेल.

६ एप्रिल

आज जन्मसालाचा प्रश्न हाती घेतला. आधार कार्डावर १ जानेवारी १९३८ आहे, पण जन्माची नोंदच नसलेल्या तिच्या पिढीतल्या कितीतरी माणसांच्या कार्डांवर १ जानेवारी हीच तारीख घातलेली असते. १९५० साली लग्न झाले तेव्हा ती पंधराची होती, असे थोरली आत्या जिजीच्याच तोंडून ऐकल्याचे सांगते. मामाआजोबांना, म्हणजे जिजीच्या धाकट्या भावाला, फोन केला. त्यांनी सालाऐवजी प्रसंग सांगितला. प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांची काही माणसे डोंगरातून जाताना रात्री त्यांच्या घरी जेवून गेली आणि त्या वेळी आईबरोबर चुलीपुढे बसून ताईने भाकऱ्या थापल्या. प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळातले. भाकरी थापणारी मुलगी आठ-दहा वर्षांची तरी असणार. दोन्ही आठवणी एकमेकींशी जुळतात, म्हणून पुस्तकात ‘जन्म सुमारे १९३५’ असे छापायचे ठरवले.

मामाआजोबांशी बोलणे निघाले होते वयावर, पण ते पुढे माहेरावर गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. जिजीचे माहेर आज शिवसागर जलाशयाखाली आहे. कोयना धरणाचे काम १९५४च्या सुमारास सुरू झाले आणि १९६१-६२ पासून पाणी साठू लागले. खोऱ्यातील गावे उठली आणि मामाआजोबांचे कुटुंब तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात गेले. त्या आधी पंचमीला भाऊ न्यायला येई आणि जिजी डोंगराच्या आडवाटेने एका दिवसात माहेरी पोहोचत असे. पुढे माहेर म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी एसटीने येणारा भाऊ, एवढेच उरले. मामाआजोबा म्हणाले, “ताई कधी रडली नाही बाळ, पण धरण बघायला चला म्हटलं की ती यायची नाही.” ज्या कोयनेच्या पाण्यात तिचे माहेर गेले, त्याच पाण्याची वीज पुढे मुंबईकडे जाऊ लागली, आणि मुंबईत तिचा नवरा राबत होता. जिजीने हा संबंध कधी बोलून दाखवला नाही. पुस्तकात एक नकाशा घालणार आहे : बुडालेले गाव, वाडी, ओगलेवाडीजवळचे कराड स्टेशन आणि मुंबई.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

कुपनांचे स्कॅनिंग संपत आले. ६०० डीपीआय ठेवले असून सगळे रंगीतच घेत आहे, कारण काळ्या-पांढऱ्यात जांभळ्या अंगठ्याच्या रेषा कागदाच्या डागांत मिसळून जातात. तेलाचे आणि हळदीचे डाग संगणकावर पुसायचे नाहीत, अशी सूचना छपाईवाल्यांनाही आधीच देऊन ठेवली आहे.

१८ मे, वाडी

चार दिवस गावी राहण्याचा मुख्य हेतू हिशेबाच्या वह्या थोरल्या आत्यासमोर उघडून वाचण्याचा होता. वह्यांतली बरीच अक्षरे लागतात, पण अर्थ लागत नाही. ‘वरचं घर २ औत, दिलं ५, राहिलं १’ अशा ओळी पानोपानी आहेत. आत्याने पहिलीच ओळ वाचून सगळी व्यवस्था उलगडून सांगितली आणि मला वाटते की या पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग आज दुपारी सापडला.

आमची जमीन दोन एकर. त्यातले एक एकर भाताचे खाचर आणि बाकीची डोंगरउताराची वरकस, नाचणी-वरीची. पणजोबा गेल्यावर घरात औत धरणारा पुरुष राहिला नाही आणि बैलही ठेवणे परवडेना. पाटणच्या पावसात भाताची चिखलणी वेळेवर झाली नाही तर वर्ष हातचे जाते. अशा घराने जमीन वाट्याने दुसऱ्याला लावायची, हा रिवाज होता आणि आबांनीही कुपनावर तसे सुचवलेले आहे : ‘जमीन वाट्याने द्यावी, आबाळ होऊ देऊ नये.’ जिजीने जमीन वाट्याने दिली नाही. तिने पैरा केला. पैरा म्हणजे कामाची फेड कामाने. वाडीतल्या ज्या घरांत बैल होते पण भांगलणीला आणि लावणीला बायामाणसे कमी पडत, त्यांच्याशी तिने ठरवले की औताच्या एका दिवसाच्या बदल्यात तीन दिवस ती त्यांच्या रानात येईल. म्हणजे वहीतल्या त्या ओळीत वरच्या घराकडून दोन दिवस औत घेतले, सहा दिवसांतले पाच फेडले आणि एक राहिला.

लिहायला येण्याआधी हा हिशेब सोप्याच्या भिंतीवर कोळशाने असे. घेतलेल्या औताची उभी रेघ, फेडलेल्या दिवसाची आडवी. दिवाळीला भिंती सारवायच्या आधी सगळ्या रेघा फिटल्याच पाहिजेत, हा तिचा नेम होता आणि त्यासाठी ती सुगीत स्वतःचे भात कापायचे मागे ठेवून आधी लोकांचे कापून देत असे. “आपलं एक दिस थांबंल, पर लोकाचं देणं भितीवर ऱ्हायाचं न्हाई,” हे तिचे वाक्य आत्याला आणि थोरल्या काकांना शब्दशः सारखेच आठवते.

आणखी एक गोष्ट वह्यांमुळेच कळली. बियाणे तिने कधी विकत घेतलेले दिसत नाही. उलट दर मृगाच्या आधी कोणाला किती पायली बी दिले आणि सुगीनंतर किती परत आले, याची पाने आहेत. भाताचे बी ती राख आणि निंबाचा पाला घालून वेगळ्या कणगीत ठेवी. वाडीत ज्यांचे बी किडे, ते जिजीकडे येत. आबा एका कुपनावर विचारतात, ‘बी कुणाकडून घेतले?’ त्याचे उत्तर तिने कसे कळवले असेल, कोण जाणे. तेव्हा तिला लिहिता येत नव्हते आणि पोचेवर निरोपाला जागा नसे.

१० जून, वटपौर्णिमा

आज धाकट्या आत्याशी फोनवर बराच वेळ चर्चा झाली. तिचे म्हणणे असे की जिजीचे उपासतापास, नेमधर्म आणि नवऱ्यावरची निष्ठा यांना पुस्तकात स्वतंत्र प्रकरण हवे. माझ्या चुलतभावाचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. त्याला वाटते की आजच्या मुलींसमोर हे आदर्श म्हणून ठेवू नये.

मी दोघांचेही ऐकले आणि मला जे योग्य वाटते ते इथे लिहून ठेवते. जिजीने वटपौर्णिमा एकदाही चुकवली नाही आणि त्या तेहतीस वर्षांत त्या दिवशी आबा एकदाही घरी नव्हते. जत्रेला आणि दिवाळीला रजा मिळे, जूनमध्ये कधीच नाही. थोरली आत्या सांगते की वडाला सूत गुंडाळून परत येताना ती तशीच रानात जाई, कारण याच दिवसांत तरवा, म्हणजे भाताची रोपे, टाकलेला असतो, आणि निरंकार उपासाने संध्याकाळपर्यंत बांध घालत असे. ज्या माणसासाठी ती उपास धरत होती त्याच माणसाचे रान ती त्या उपासाच्या दिवशी राखत होती. या दोन गोष्टी दोन प्रकरणांत तोडल्या तर दोन्ही खोट्या पडतील, म्हणून त्या एकाच पानावर येतील.

१३ जुलै

भूकंपाचे प्रकरण लिहून झाले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली आणि कोयनानगरातली बहुतेक घरे पडली. आमच्या घराची मागची भिंत आणि माळवद कोसळले, पण चारही मुले वाचली. लहानपणापासून आम्ही हे ‘देवाची कृपा’ म्हणून ऐकत आलो होतो, आणि जिजी स्वतःही तसेच म्हणत असे.

थोरली आत्या तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्याकडून आज सगळा क्रम नीट लिहून घेतला. जिजी तीनपासून उठून जात्यावर बसलेली होती. शेजारी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील लागलेला होता. वाडीत इतर घरांत त्या वेळी अंधार होता, पण जिजीला दिवस उजाडायच्या आत पैऱ्याला जायचे असल्याने तिचे दळण नेहमीच सर्वांच्या आधी होई. पहिला हादरा बसला तेव्हा जाते गडगडले असे तिला वाटले. दुसऱ्याच क्षणी तिने कंदील उचलला, तीन वर्षांच्या धाकट्या आत्याला काखेत मारले, बाबांना दंडाला धरून ओढले आणि थोरल्या दोघांना हाका मारत अंगणात काढले. मग गोठ्याचे दावे कापायला ती परत आत गेली. म्हैस बाहेर आली आणि त्यानंतर भिंत बसली.

पुढचे आठ-दहा दिवस सगळे खळ्यावर खोपीत राहिले. धक्के चालूच होते. हादरा मुंबईतही जाणवला होता. आबा मिळेल त्या गाडीने कराडला उतरले आणि पुढे बराचसा रस्ता पायी तुडवत वाडीत पोहोचले. थोरले काका सांगतात, “आबा आले तेव्हा आई सुगीचं भात झोडत होती. आबा बांधावर खालीच बसले. तिनं आधी पाण्याचा तांब्या दिला आन् मग सांगितलं, समदी हाईत.”

३ ऑगस्ट

१९६१ची ती पहिली सही कुठून आली, हा प्रश्न मार्चपासून मनात होता. उत्तर सातारा जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. १९५९ साली या जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्राथमिक शाळेचे मास्तर आणि गावातली शिकलेली माणसे रात्री वर्ग घेत, प्रौढांना लिहिणे, वाचणे आणि हिशेब शिकवत, आणि सगळे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. मोहीम पुढे राज्यभर नेली गेली. आमच्या वाडीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरे.

थोरली आत्या तेव्हा दुसरीत होती आणि तिचीच पाटी घेऊन जिजी वर्गाला जाई. बायका सुरुवातीला लाजत, पाठमोऱ्या बसत. जिजीच्या कडेवर वर्षाचे मूल होते, तेच माझे बाबा. आत्याला आठवते की जिजीला मुळाक्षरांपेक्षा आकडे आधी आले, कारण भिंतीवरच्या रेघांमुळे मोजणी तिच्या अंगात होतीच. सही ज्या दिवशी आली त्या दिवशी तिने कोणाला सांगितले नाही. पुढची मनीऑर्डर आली तेव्हा पोस्टमनने सवयीने शाईची डबी पुढे केली, तिने ती बाजूला सारली आणि लेखणी मागितली.

हा प्रसंग मी आत्याकडून दोनदा वदवून घेतला आणि तिच्याच शब्दांत छापणार आहे. आबांनी त्या सहीबद्दल कुपनावर काही लिहिलेले नाही. फक्त पुढच्या महिन्यापासून कुपनावरचे त्यांचे अक्षर मोठे आणि सुटे झाले आहे. जोडाक्षरे ते टाळू लागलेले दिसतात. आतापर्यंत पोस्टमन किंवा आत्या निरोप वाचून दाखवीत. आता ती स्वतः वाचणार होती, म्हणून त्यांनी तसे केले असावे, असा माझा तर्क आहे आणि तो पुस्तकात तर्क म्हणूनच दिला आहे.

१७ ऑगस्ट

कॅसेट ऐकण्याजोगी झाली. १९८८ साली थोरल्या काकांनी जिजीच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. वाडीत पिठाची गिरणी आल्यालाही तेव्हा बरीच वर्षे झाली होती, पण सणाचे थोडे दळण ती जात्यावरच करी. आवाजातली खरखर संगणकावर ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये थोडी कमी केली, जात्याची घरघर तशीच ठेवली. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक ओव्या जमवून विषयवार लावल्या आहेत. त्याच पद्धतीने मी जिजीच्या ओव्या लावून पाहिल्या. निम्म्याहून अधिक भावावर आणि माहेरावर आहेत, काही मुलांवर आणि विठ्ठलावर, आणि भ्रतारावर अगदी मोजक्या. पुस्तकात क्यूआर कोड देऊन आवाज ऐकण्याची सोय करू.

२१ सप्टेंबर

संपाचा काळ. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आबा तेव्हा कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजण्याच्या, खात्यात होते आणि डिलाईल रोडवर गावकीच्या खोलीत राहत. बरेच कामगार लवकरच गावी परतले. आबा मात्र तिथेच थांबले, कारण आज ना उद्या गिरणीचा भोंगा वाजेल अशी त्यांची खात्री होती. जानेवारीनंतर मनीऑर्डर बंद झाली.

आबांच्या ट्रंकेत याच वर्षीच्या एप्रिलमधले एक कुपन आहे आणि ते वाडीहून मुंबईला गेलेले आहे. रक्कम पन्नास रुपये. पाठवणाऱ्याच्या जागी जिजीचे नाव. निरोप तिच्या हातचा : ‘म्हस येली. रेडी झाली. दूध सोसायटीला घालते. काळजी करू नये. जेवण करून ऱ्हावे.’ तिने लिहिलेला आणि टिकलेला एवढाच एक निरोप आमच्याकडे आहे.

बाबा तेव्हा बाविशीचे होते आणि पोस्टात तिच्याबरोबर होते. त्यांनी सांगितलेली हकीकत मी आज प्रथमच ऐकली. फॉर्म भरायला त्यांनी हात पुढे केला, तेव्हा जिजी म्हणाली, मी भरते. पैसे कोणाला द्यायचे त्या ओळीवर आबांचे पूर्ण नाव लिहायचे होते. जिजीने नवऱ्याचे नाव आयुष्यात सणावारी उखाण्याखेरीज कधी उच्चारले नव्हते. रेशनच्या दुकानातही ती नाव विचारले की मुलाला पुढे करी. त्या दिवशी खिडकीपाशी उभी राहून तिने ते नाव, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, स्वतःच्या हाताने लिहिले. बाबा म्हणाले, “लिहिताना तिचा हात अजिबात थांबला नाही.”

याच ढिगात आणखी एक गोष्ट आहे जी कुटुंबाला सांगणे मला आवश्यक वाटते. १९७४ पासूनच्या काही कुपनांवर आबा लिहितात, ‘सोमवारी छाती धरते, मग बरे वाटते.’ त्यांचा दमा बिडीमुळे, असे आम्ही सगळे समजत आलो. पण कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्याने बिसिनोसिस नावाचा श्वसनविकार होतो. कार्डिंग खात्यातल्या कामगारांना त्याचा धोका मोठा असतो आणि सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे. आबांचे निदान मी करू शकत नाही, पण ही नोंद पुस्तकात जाईल. १९८३ साली ते ट्रंक घेऊन परतले आणि १९९८ पर्यंतची पंधरा वर्षे जिजीने त्यांना सांभाळले. रात्री ते झोपू शकत नसत, तेव्हा भिंतीला वाकळांची चवड लावून ती त्यांना टेकवून बसवी आणि पाठीवर शेक देई.

१२ ऑक्टोबर

आज मतभेद झाला आणि तो गंभीर आहे. १९८२च्या वहीत एका पानावर लिहिलेले आहे की पुतळ्यांची माळ आणि पाटल्या गहाण ठेवून म्हैस घेतली. म्हणजे ज्या म्हशीचे दूध घालून तिने मुंबईला पन्नास रुपये पाठवले, ती म्हैस तिच्या माहेरच्या दागिन्यांवर आलेली होती. १९८६च्या पानावर ‘माळ सोडवली’ असे आहे. पाटल्या सुटल्याची नोंद नाही.

थोरल्या काकांना हे पान पुस्तकात नको आहे. आबांनी आयुष्यभर घराला घातले, आणि हे छापले तर लोक म्हणतील की बायकोचे दागिने मोडून त्यांचे पोट भरले, असे ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. थोरल्या आत्याने शांतपणे उत्तर दिले : आबांनी घातले ते सगळे कुपनांवर छापतोच आहोत, मग आईने घातले ते का झाकायचे? मला आत्याचे म्हणणे पटते. जिजीने हे दान म्हणून केलेले नव्हते. औताच्या रेघांसारखाच तिने त्याचा हिशेब ठेवला होता, आणि आबांचा मान त्यात कुठेही कमी होत नाही. तरीही काकांच्या मनाविरुद्ध हे पान छापणार नाही, असे मी त्यांना सांगितले आणि ती वही त्यांच्याकडेच वाचायला ठेवून आले.

९ नोव्हेंबर

वंशवृक्ष नव्याने आखला. घराण्यांच्या वंशावळी राखणाऱ्या हेळव्याच्या चोपडीवरून पूर्वी उतरवून घेतलेली आमची वंशावळ केवळ पुरुषांची होती. आता प्रत्येक पिढीत बायकांची नावे, त्यांची माहेरची गावे आणि मुलींच्या शाखाही घातल्या आहेत. १९५८ साली सव्वा महिन्यात गेलेल्या मुलाचीही नोंद घेतली. राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी येते. त्याच जुलैत जन्मलेली जिजीची पणती या रीतीने वृक्षात बसलेली आमच्या घरातली पहिलीच.

सातबाराचे जुने फेरफारही काढले. १९९१ साली आबांनी खाचराचे एक एकर जिजीच्या नावावर केले आणि तिचे नाव कब्जेदार सदरी लागले. त्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, पुरुषांनी आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करावा, असे तिचे आवाहन होते. कराडच्या बाजारात आबांनी त्याविषयी ऐकले होते, हे थोरल्या काकांना आठवते. तलाठ्याकडे जाताना जिजी म्हणाली होती की याची काही गरज नाही. आबांनी दम्याने थांबत थांबत सांगितले, “गरज तुला न्हाई, मला हाय.” हे वाक्य काकांनी आज स्वतःहून सांगितले आणि ते वंशवृक्षाच्या शेजारी छापावे, असेही सुचवले.

१४ डिसेंबर

प्रुफे तपासून परत दिली. वर्षश्राद्धाला महिना आहे, छपाईला वेळ पुरेल. दागिन्यांचे पान राहिले आहे. थोरल्या काकांनी गेल्या आठवड्यात वही परत केली, तेव्हा तिच्यात स्वतःच्या अक्षरातला एक कागद ठेवलेला होता. त्यांनी लिहिले आहे की १९८३ साली त्यांना कराडला एसटीत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून माळ सोडवू, असे ते आईला म्हणाले होते, आणि तिने ते मानले नाही. त्या पैशांतून धाकट्या बहिणीच्या शिक्षणाची फी भरायला लावली आणि माळ दुधाच्या पैशांतून पुढे तिनेच सोडवली. पाटल्या तिने सोडवल्याच नाहीत, त्या पैशांत बाबांना सातारला कॉलेजात ठेवले. आम्हा कोणालाही, खुद्द बाबांनाही, हे ठाऊक नव्हते.

काकांचा मजकूर एक शब्दही न बदलता वहीच्या पानासमोरच्या पानावर घेतला आहे. त्यामुळे पुढची पाने दोनाने सरकली, अनुक्रमणिका दुरुस्त केली. पहिल्या प्रती दोन्ही आत्यांना, त्यांच्या मुलींना आणि रायगडला मामाआजोबांना जातील. एक प्रत वाडीच्या शाळेत ठेवायची आहे. मूळ कुपने आणि पोचा एकत्र बांधून थोरल्या आत्याच्या घरी राहतील, कारण तिचे घर नव्या बांधणीचे आहे आणि वाडीत अजूनही अधूनमधून धक्के जाणवतात.